साखर, डोळ्यांचा पडदा आणि सत्तर वर्षांचा वाद

दिवाळी अंकात मधुमेहावर लेख देणे म्हणजे पंगतीत बसून उपासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे, याची मला कल्पना आहे. तरीही हा विषय घेतला, तो दोन कारणांनी. एक तर आपला जिल्हा उसाचा. गाळप हंगामात रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या धावतात आणि त्याच रस्त्यावरच्या प्रत्येक गल्लीत साखर वर्ज्य असलेली चार माणसे सापडतात. मराठी घरात त्याला मधुमेह म्हणतात, शेजारच्या कन्नड घरात सक्करे कायिले, आणि दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर दोघेही 'शुगर' म्हणतात. दुसरे कारण असे की इतिहास म्हणजे केवळ तह, लढाया आणि सनावळ्या, हा आपला समज फार पक्का झाला आहे. औषधाच्या एका साध्या गोळीलाही इतिहास असतो. त्यात हट्ट असतो, भांडणे असतात, पराभव असतात, आणि चिकाटीने धरलेल्या नोंदवह्या असतात. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर होणारा आघात औषधाने रोखता येतो का, हा प्रश्न असाच आहे. त्याचे उत्तर मिळायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ सत्तर वर्षे भांडावे लागले.

आधी दुखणे काय ते पाहू. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल असते, ज्याला आपण नुसते 'पडदा' म्हणतो. त्याला रक्त पुरविणाऱ्या केशवाहिन्या फार नाजूक. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की या वाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात, त्यांना टाचणीच्या टोकाहून बारीक फुगे येतात, त्यांतून पाणी आणि स्निग्ध द्रव्य झिरपते, काही वाहिन्या बंद पडतात. मग उपाशी राहिलेला पडदा नव्या वाहिन्या मागवितो. त्या नव्या वाहिन्या इतक्या कच्च्या असतात की केव्हाही फुटून डोळ्यात रक्त उतरते. या साऱ्या प्रकारात सर्वांत घातक गोष्ट ही की बराच काळ काहीच दुखत नाही आणि वर्तमानपत्र सुरेख वाचता येते. मोतीबिंदू माणसाला आधी सूचना देतो. हे दुखणे पुष्कळदा सूचना देत नाही, निकालच देते.

आपल्या जुन्या वैद्यांना मधुमेह पुरता ठाऊक होता. लघवीला मुंग्या लागतात ही खूण चरक-सुश्रुतांच्या परंपरेत नोंदलेली आहे. जन्मजात प्रमेह आणि अपथ्याने होणारा प्रमेह असा भेद सुश्रुताने केला आहे, तो आजही वाचून कौतुक वाटते. डोळ्यांच्या शस्त्रकर्मातही सुश्रुताचे नाव मोठे. परंतु मधुमेह आणि पडदा यांची सांगड त्या काळी कोणालाच घालता आली नाही, ना इकडे ना ग्रीसमध्ये, कारण जिवंत माणसाच्या बाहुलीच्या आत काय चालले आहे हे पाहण्याचे साधनच नव्हते. बाहुली काळी दिसते, बस्स. यात कमीपणा मानण्याचे काही नाही, आणि आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते असे म्हणण्याचेही काही कारण नाही.

ते साधन आले १८५० साली. जर्मनीतील क्योनिग्सबेर्ग विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकविणारा हेर्मान फोन हेल्महोल्ट्स हा तरुण प्राध्यापक. बाहुली कधी कधी चमकते ती का, हे विद्यार्थ्यांना समजावून देण्याच्या खटपटीत त्याने काचेच्या पट्ट्या, भिंग आणि पुठ्ठा जुळवून एक उपकरण केले आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा पाहिला. नेत्रवैद्यकातील ही केवढी मोठी क्रांती! आणि ती झाली वर्गात शिकविण्याच्या निमित्ताने. शिक्षकी पेशातल्या कोणालाही या गोष्टीने बरे वाटावे. पाचच वर्षांत, १८५५च्या सुमारास, व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगरने एका मधुमेही रुग्णाच्या पडद्यावर पिवळसर डाग आणि रक्तस्राव पाहून त्याचे वर्णन केले. हा येगर स्वतः उत्तम चित्रे काढीत असे. फोटो नव्हते त्या काळात त्याने एकेका पडद्याचे चित्र तासन्‌तास बसून रंगविले.

पण बर्लिनचा आल्ब्रेख्ट फोन ग्रेफे म्हणजे त्या काळचा नेत्रवैद्यकाचा सम्राट. त्याने हा संबंध मानला नाही. डाग असतील, पण ते मधुमेहामुळे कशावरून? रक्तदाबाने, वार्धक्याने वाहिन्या कडक होतात, त्याचेच हे परिणाम नसतील कशावरून? शंका अगदीच निराधार होती असे नाही. पुढे १८७६ मध्ये विल्हेल्म मान्त्सने नव्या वाहिन्या उगवण्याचा प्रकार वर्णिला. १८९० मध्ये बर्लिनच्याच युलिउस हिर्शबेर्गने मधुमेही डोळ्यांच्या बदलांची वर्गवारी केली. हा हिर्शबेर्ग म्हणजे नेत्रवैद्यकाचा प्रचंड इतिहास लिहिणारा विद्वान. इतके होऊनही 'मधुमेहामुळे की रक्तदाबामुळे?' हे भांडण १९४३ पर्यंत मिटले नाही. त्या वर्षी ग्लासगोच्या आर्थर बॅलंटाइन यांनी त्या बारीक फुग्यांकडे बोट दाखवून सांगितले, की केशवाहिन्यांचा हा विकार मधुमेहाचा स्वतःचा आहे, उसना नाही. ग्लासगो हे गाव आणि स्कॉटलंड हा देश वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे कामाला येईल.

दरम्यान एक अघटित घडले होते. १९२१च्या उन्हाळ्यात टोरांटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे केले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले टोचण दिले गेले, आणि जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेल्या दुसऱ्या खेपेने तो मुलगा सावरला. त्याआधी मधुमेही मुले वर्ष-दोन वर्षांत जात असत. उपासमारीचा आहार हाच इलाज होता, म्हणजे मरण लांबविण्याचा मार्ग उपासमारीतून जात होता. इन्सुलिनचा स्वामित्वहक्क शोधकर्त्यांनी विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकला, ही गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगतो.

वाटले, आता मधुमेह जिंकला. पण जी मुले १९२२ नंतर वाचली ती मोठी झाली, लग्ने झाली, नोकऱ्यांना लागली, आणि पंधरा-वीस वर्षांनी त्यांतल्या अनेकांची दृष्टी जाऊ लागली. पूर्वी माणूस इतका जगतच नव्हता की त्याचा पडदा खराब व्हावा. ज्या औषधाने प्राण वाचविले, त्याच औषधाने लांबलेल्या आयुष्यात अंधत्वाला वेळ मिळाला. वैद्यकाच्या इतिहासात इतकी क्रूर थट्टा क्वचितच झाली असेल.

येथून खऱ्या वादाला तोंड फुटले. बोस्टनचे एलियट जॉस्लिन हे मधुमेहाचे भीष्माचार्य. आहार, इन्सुलिन आणि व्यायाम असे तीन घोडे जुंपलेला रथ हे त्यांचे आवडते रूपक. लगाम तिन्ही घोड्यांचा सारखा धरला पाहिजे, साखर जितकी काटेकोर राहील तितके डोळे, मूत्रपिंड आणि पाय सुरक्षित, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. त्यांच्याविरुद्ध उभे राहिले न्यूयॉर्कचे एडवर्ड टॉलस्टॉय. त्यांचे म्हणणे असे : रुग्णाला बरे वाटते आहे, वजन टिकून आहे, तर लघवीतून थोडी साखर गेली म्हणून काय बिघडले? वजनकाट्यावर तोलून जेवण आणि दिवसातून चार वेळा लघवी उकळून पाहणे, या छळात माणसाचे जगणेच हरवते. पुष्कळ वैद्य टॉलस्टॉय यांच्या बाजूचे झाले, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ रुग्णही.

आज आपण जॉस्लिन बरोबर होते असे सहज म्हणतो. पण इतिहास वाचताना शेवट ठाऊक असल्याचा गैरफायदा घेऊ नये. जॉस्लिनपाशी श्रद्धा होती, अनुभव होता, पुरावा नव्हता. जे रुग्ण काटेकोर राहतात ते मुळातच शिस्तीचे, खाऊनपिऊन सुखी, सौम्य दुखण्याचे असू शकतात. मग डोळे वाचले ते साखरेच्या बंधनाने की नशिबाने? शिवाय साखर मोजायचे साधन कोणते, तर बेनेडिक्टचे निळे द्रावण. परीक्षानळीत लघवीचे थेंब टाकून स्टोव्हवर उकळायचे आणि हिरवा, पिवळा, विटकरी असा रंग पाहायचा. पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळ वाचकांच्या घरात ही नळी स्वयंपाकघराच्या फळीपासून दूर, खिडकीत ठेवलेली असायची. त्या रंगावरून गेल्या तीन महिन्यांची साखर कशी कळणार? ज्याचे मोजमाप नाही त्यावरचा वाद मिटत नाही. जॉस्लिन १९६२ मध्ये वारले तेव्हा तो मिटलेला नव्हता.

वाद चालू असताना डोळे तर जातच होते. मग माणसे मिळेल त्या काठीचा आधार घेऊ लागली. केशवाहिन्या बळकट होतील म्हणून रुटिन नावाचे वनस्पतिजन्य द्रव्य दिले गेले, जीवनसत्त्वे दिली गेली. कशानेही ठोस गुण आला नाही. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातले वॉल्टर केम्पनर यांनी तर रक्तदाबाच्या रुग्णांना मिठाविना भात आणि फळे एवढ्यावरच ठेवले आणि १९५८ मध्ये मधुमेही रुग्णांवरचे अनुभवही प्रसिद्ध केले. काहींचे पडदे सुधारले. 'शुगर झाली, आता भात बंद' असे ऐकत आलेल्या आपल्या लोकांना हे वाचून गंमत वाटेल, पण कोणी हा प्रयोग घरी करू नये. त्यात मीठ जवळजवळ शून्य होते आणि रुग्ण वैद्यांच्या कडक देखरेखीखाली होते. त्या प्रयोगातला खरा धागा रक्तदाब उतरण्याचा असावा, असे मला पुढची हकीकत वाचून वाटते.

याहून विलक्षण हकीकत पिट्युटरी ग्रंथीची. ब्वेनोस आइरेसचे बर्नार्डो हुसाय यांनी १९३०च्या सुमारास दाखवून दिले होते, की मधुमेही कुत्र्याची मेंदूच्या तळाशी असलेली ही ग्रंथी काढली तर मधुमेह सौम्य होतो. (१९४७ चे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले.) १९५३ मध्ये डेन्मार्कमधील पौल्सेन यांनी एका मधुमेही स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन तिची पिट्युटरी ग्रंथी निकामी झाली, आणि पुढे काही वर्षांत तिच्या पडद्यावरचे विकार चक्क नाहीसे झाले. या एका बाईच्या डोळ्यांवरून शेकडो शस्त्रक्रिया झाल्या! स्टॉकहोममध्ये लुफ्ट आणि ओलिव्हेक्रोना यांनी डोळे वाचविण्यासाठी रुग्णांची कवटी उघडून ती ग्रंथी काढली. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात त्या ग्रंथीत किरणोत्सर्गी यट्रियमचे कण पेरले गेले. काहींची दृष्टी खरोखर वाचली. पण त्यांना जन्मभर इतर संप्रेरके बाहेरून घ्यावी लागत आणि साखर केव्हा एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडेल याचा भरवसा नसे. दृष्टीसाठी माणूस किती किंमत मोजायला तयार होतो, याचा हा पुरावा. सत्तरच्या दशकात ही शस्त्रक्रिया मागे पडली.

ती मागे पडण्याचे कारण प्रकाश. ९ जुलै १९४५च्या सूर्यग्रहणात उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजून घेतलेले रुग्ण जर्मनीतल्या गेर्ड मायर-श्विकेराथ यांनी तपासले. ग्रहण पाहू नको म्हणून आपल्या आज्या ओरडत, ते याचसाठी. या माणसाच्या मनात उलटा विचार आला : भाजलेल्या जागी घट्ट व्रण होतो, तर तोच मुद्दाम का करू नये? प्रथम त्यांनी रुग्णालयाच्या गच्चीवर आरशांनी सूर्यप्रकाश वळवून उपचार केले, पुढे झेनॉन दिवा आला, मग लेसर. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या सतराशेहून अधिक रुग्णांवरच्या अभ्यासाने सिद्ध केले, की वाढीव विकारात लेसरने गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक घटतो. हा इतिहास स्वतंत्र लेखाचा आहे. येथे एवढेच, की लेसर आग विझवितो. आग लागूच नये, लागली तर पसरू नये, हे काम औषधाचे, आणि त्याचा निकाल अजून लागायचा होता.

निकालाची पूर्वतयारी दोन टोकांना झाली. ब्रुसेल्समध्ये जाँ पिरार नावाच्या एका वैद्याने १९४७ पासून १९७३ पर्यंत ४,४०० मधुमेही रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. सव्वीस वर्षे! ज्यांची साखर सतत चढी, त्यांचे डोळे, मूत्रपिंड आणि नसा अधिक बिघडतात, असे त्या नोंदींनी दाखविले. अशा माणसांची चरित्रे आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाहीत, कारण त्यांनी कोणताही एक दिवस गाजविलेला नसतो. दुसरे टोक तेहरानमध्ये. १९६८ मध्ये सॅम्युएल राहबर यांना मधुमेही रुग्णांच्या रक्तात हिमोग्लोबिनचा एक निराळा प्रकार आढळला. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटून बसते आणि तांबडी पेशी जगेपर्यंत, म्हणजे सुमारे तीन-चार महिने, तशीच राहते. हीच आजची एचबीए१सी तपासणी. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड सोडून डॉक्टरांना फसविण्याची सोय तिने संपविली.

आता चिठ्ठ्या टाकून निवाडा करणे शक्य झाले. १९८३ पासून अमेरिका आणि कॅनडातल्या २९ केंद्रांत १,४४१ तरुण रुग्ण, सगळे इन्सुलिनवर जगणारे, दोन गटांत वाटले गेले. एका गटाला नेहमीप्रमाणे दिवसाला एक-दोन टोचणी. दुसऱ्याला तीन किंवा अधिक टोचणी किंवा पंप, रोज चार-चार वेळा बोट टोचून तपासणी, दरमहा भेट. पहिल्या गटाचे एचबीए१सी नऊच्या आसपास राहिले, दुसऱ्याचे सातच्या. सरासरी साडेसहा वर्षे हे चालले आणि ९९ टक्के लोक शेवटपर्यंत टिकले. (शाळेत एवढी हजेरी मला कधी मिळालेली नाही.) निकाल इतका स्पष्ट होता की १९९३ मध्ये अभ्यास मुदतीआधीच थांबविला गेला. ज्यांचे पडदे निरोगी होते त्यांच्यात विकार जडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला, आणि ज्यांना विकाराची सुरुवात झाली होती त्यांच्यात तो वाढण्याचा धोका ५४ टक्क्यांनी. टोरांटोतल्या त्या पहिल्या टोचणीनंतर ७१ वर्षांनी जॉस्लिन खटला जिंकले, मृत्यूनंतर एकतीस वर्षांनी.

टॉलस्टॉय यांचे म्हणणे मात्र सर्वस्वी खोटे ठरले नाही. काटेकोर गटात साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग तिपटीने झाले. आणखी एक विचित्र गोष्ट : साखर झपाट्याने खाली आणल्यावर पहिल्या वर्षात काहींचे पडदे उलट थोडे बिघडले आणि नंतर सुधारले. ही आठवण पुढे उपयोगी पडली. २०१६ मध्ये सेमाग्लुटाइड या नव्या औषधाच्या अभ्यासात डोळ्यांच्या गुंतागुंती १.८ ऐवजी ३ टक्के दिसल्या, तेव्हा औषधापेक्षा साखर वेगाने उतरण्याचाच हा परिणाम असावा, असा तर्क पुष्कळांनी केला. म्हणून पडद्याला आधीच विकार असेल तर जोरदार औषध सुरू करण्यापूर्वी डोळे तपासून घ्यावेत, असे डॉक्टर सांगतात.

त्या अभ्यासाची खरी नवलाई पुढेच आहे. १९९३ नंतर दोन्ही गटांना सारखाच उपचार मिळाला, दोघांची साखर सारखीच झाली. तरीही ज्यांनी आधीची साडेसहा वर्षे काटेकोर काढली होती त्यांचे डोळे पुढे अनेक वर्षे अधिक सुरक्षित राहिले. शरीराला जुन्या साखरेची आठवण राहते, चांगलीही आणि वाईटही.

परंतु आपल्या घरांतला मधुमेह बहुधा चाळिशीनंतरचा, गोळ्यांवरचा. त्याचे काय? त्याचे उत्तर इंग्लंडमधून आले. ऑक्सफर्डचे रॉबर्ट टर्नर यांनी १९७७ पासून ५,१०२ नव्या रुग्णांची नोंद करून वीस वर्षे एक अभ्यास चालविला. त्यात सुमारे दहावा हिस्सा भारतीय वंशाचा होता, हे विशेष. १९९८ मध्ये निकाल आला : साखरेवर अधिक बंधन ठेवल्याने सूक्ष्मवाहिन्यांचे विकार एक चतुर्थांशाने घटले. पण डोळ्यांच्या दृष्टीने याहून मोठी बातमी त्याच अभ्यासाच्या एका शाखेत होती. १,१४८ रुग्णांपैकी एका गटाचा रक्तदाब सरासरी १४४/८२ वर ठेवला, दुसऱ्याचा १५४/८७ वर राहिला. दहा अंशांचा फरक! त्याने पडद्याचा विकार वाढण्याचा धोका ३४ टक्क्यांनी आणि दृष्टी लक्षणीय घटण्याचा धोका ४७ टक्क्यांनी उतरला. गोळ्या कोणत्या, तर कॅप्टोप्रिल आणि अटेनोलॉल, कोणत्याही औषधदुकानात मिळणाऱ्या. म्हणजे ग्रेफेच्या काळापासून 'साखर की रक्तदाब' असे जे भांडण चालले होते, त्यात दोन्ही पक्ष खरे निघाले.

टर्नर १९९९ मध्ये अकाली वारले. त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच रुग्णांचा आणखी दहा वर्षे पाठपुरावा करून २००८ मध्ये सांगितले, की साखरेच्या बंधनाचा फायदा पुढेही टिकून राहिला, रक्तदाबाचा मात्र टिकला नाही. दोन गटांचा रक्तदाब सारखा झाल्यावर फायदाही ओसरला. साखरेचे पुण्य साठते, रक्तदाबाचे रोजचे रोज कमवावे लागते. 'बी.पी. नॉर्मल आला म्हणून गोळी बंद केली' असे सांगणारे आपल्या ओळखीत किती निघतील ते वाचकांनीच मोजावे. आमच्या परिचयाचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक त्यांतले होते. साखर जेमतेम, बी.पी.ची गोळी बंद, आणि डोळ्यांची तपासणी नाही, कारण 'मला तर सुईत दोरा ओवता येतो.' एका सकाळी उजव्या डोळ्यासमोर कोळिष्टक आल्यासारखे झाले. त्यांनी चष्मा तीनदा पुसला, मग उठून खिडकीची काच पुसली. आत रक्त उतरले होते. डावा डोळा लेसरने वाचला, पण ब्रश त्यांनी पुन्हा हाती धरला नाही.

जी औषधे फसली त्यांचीही नोंद हवी. 'रक्त पातळ करायची गोळी' डोळ्यांना चांगली, असा समज होता. ३,७११ रुग्णांवरच्या अमेरिकन अभ्यासाने १९९१ मध्ये दाखविले की रोजच्या ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिनने पडद्याच्या विकाराला ना लाभ होतो ना हानी. हृदयासाठी डॉक्टरांनी दिली असेल तर डोळ्यांच्या भीतीने सोडू नये, एवढा दिलासा त्यातून मिळाला. साखरेचे पेशीत सॉर्बिटॉल होऊ न देणारी सॉर्बिनिल आली, तीही निष्फळ ठरली. कॅल्शियम डोबेसिलेट अनेक वर्षे विश्वासाने लिहून दिले जात होते. २००९च्या मोठ्या चाचणीत पडद्याच्या मध्यभागाची सूज टाळण्यात ते कमी पडले.

डोळ्यात टोचण्याच्या औषधाची कथा थोडक्यात सांगतो. उपाशी पडदा काही तरी द्रव्य सोडून नव्या वाहिन्या बोलावीत असावा, असा तर्क आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्ये मांडला. हेही ग्लासगोचेच. ते द्रव्य १९८९ मध्ये हाती लागले आणि १९९४ मध्ये मधुमेही डोळ्यांतल्या द्रवात सापडले. त्याला अडविणारे औषध आधी आतड्याच्या कर्करोगासाठी २००४ मध्ये आले, आणि पुढच्याच वर्षी मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याचा लहानसा अंश डोळ्यात टोचून पाहिला. तेव्हापासून पडद्याच्या मध्यभागी सूज आलेल्या लाखो लोकांना गेलेली दृष्टी काही अंशी परत मिळाली, जे लेसरने क्वचितच साधे. मात्र विकार बेताचा असतानाच ही टोचणी देऊन ठेवावीत का, याची अमेरिकेत चाचणी झाली, तेव्हा २०२३ मध्ये चार वर्षांअखेर असे दिसले, की विकार वाढणे कमी झाले पण दृष्टीत फरक पडला नाही. डोळ्यात सुई म्हणजे खर्च आणि जंतुसंसर्गाची जोखीम. तेव्हा प्रतिबंधासाठी पोटात घ्यायची साधी गोळी मिळाली तर हवीच होती.

ती गोळी खरे तर फार आधी एकदा हाती येऊन निसटली होती. १९६८ मध्ये एडिंबरोच्या वैद्यांनी रक्तातली चरबी उतरविणारे क्लोफायब्रेट मधुमेही रुग्णांना तीन वर्षे देऊन पाहिले. पडद्यावरचे पिवळे स्निग्ध डाग खरोखर विरघळले, दृष्टी मात्र सुधारली नाही. पुढे १९७८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत क्लोफायब्रेट घेणाऱ्यांत मृत्यू अधिक दिसले. औषध बदनाम झाले आणि त्याबरोबर डोळ्यांची ती हकीकतही कपाटात गेली.

तिचे कपाट उघडले अपघातानेच. फेनोफायब्रेट हे त्याच कुळातले धाकटे औषध. ऑस्ट्रेलियातून चाललेल्या एका चाचणीत ते ९,७९५ मधुमेही रुग्णांमध्ये हृदयविकार टाळण्यासाठी वापरले गेले. २००५ मध्ये हृदयाचा निकाल आला तो निराशाजनक. पण २००७ मध्ये नोंदी चाळताना दिसले की या गोळीच्या गटात पहिल्यांदा लेसर करण्याची पाळी ३१ टक्क्यांनी कमी लोकांवर आली होती. २०१० मध्ये अमेरिकेतल्या चाचणीनेही दुजोरा दिला : चार वर्षांत विकार वाढला तो गोळीवाल्यांत ६.५ टक्के, इतरांत १०.२ टक्के. चमत्कारिक भाग असा की रक्तातली चरबी किती उतरली यावर हा लाभ अवलंबून दिसत नव्हता. गोळी डोळ्यात दुसऱ्याच कोणत्या तरी वाटेने काम करीत असावी. ऑस्ट्रेलियाने २०१३ मध्ये पडद्याचा विकार मंदावण्यासाठी तिला मान्यता दिली. इतरत्र वैद्यांचे म्हणणे पडले की या चाचण्या मुळात डोळ्यांसाठी नव्हत्या, डोळ्यांसाठीच एक करून दाखवा.

ती करून दाखविली स्कॉटलंडने. तेथे प्रत्येक मधुमेही माणसाला डोळ्यांच्या पडद्याचा फोटो काढायला सरकारी पत्र येते, आणि साऱ्या देशाच्या फोटोंची एकच नोंदवही आहे. त्या नोंदवहीतून विकाराची सुरुवात झालेले १,१५१ लोक २०१८ पासून निवडले गेले. निम्म्यांना फेनोफायब्रेट, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. गोळ्या टपालाने घरी, चौकशी फोनवर, आणि निकालासाठी नवे रुग्णालय नाही, यंत्र नाही, नेहमीच्या सरकारी तपासणीचेच फोटो. २०२४च्या जूनमध्ये निकाल प्रसिद्ध झाला : चार वर्षांत विकार पुढच्या पायरीला जाणे किंवा उपचाराची पाळी येणे हे पोकळ गोळीच्या गटात २९.२ टक्के, फेनोफायब्रेटच्या गटात २२.७ टक्के. म्हणजे २७ टक्के घट. दृष्टीच्या तीक्ष्णतेत दोन गटांत फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे, आणि मूत्रपिंडाची तपासणी करूनच ही गोळी द्यावी लागते, हेही.

आपल्या देशाची नोंदवही अशी आहे : २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या मधुमेही लोकांपैकी सुमारे १७ टक्क्यांच्या पडद्यावर विकार आढळला, आणि मधुमेह असल्याचे ठाऊक असलेल्या दहापैकी जवळजवळ नऊ जणांचा पडदा त्यापूर्वी एकदाही तपासला गेलेला नव्हता. बाहुलीत थेंब टाकून पडदा पाहायला अर्धा-पाऊण तास लागतो, नंतर दोन-चार तास अंधुक दिसते, म्हणून सोबत घरचे कोणी असावे लागते. फेनोफायब्रेट आपल्याकडच्या औषधदुकानांत चरबीची गोळी म्हणून कित्येक वर्षे मिळत आहे. एडिंबरोच्या त्या वैद्यांनी १९६८ मध्ये पिवळे डाग विरघळताना पाहिले, त्यानंतर छप्पन्न वर्षांनी त्यांच्याच देशाच्या नोंदवहीने त्या निरीक्षणाच्या शेजारी आकडा लिहिला.